चढावर विझणारी ठिणगी

मी एक जुना स्पार्क प्लग आहे. तुम्हाला मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर माणसांशी मैत्री करण्याची माझी हौस केव्हाच फिटली आहे! आता मी भंगाराच्या डब्यात पडलो आहे, आणि का पडलो ते सांगितल्याशिवाय माझा राग शांत व्हायचा नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काय देखणा होतो! पांढरंशुभ्र चिनी मातीचं अंग, टोकाशी बारीक सुई आणि सुईवर वाकलेली एक पट्टी. त्या दोघींमधली फट म्हणजे माझा जीव. फटीतून ठिणगी उडी मारते, पेट्रोल पेटतं आणि गाडी पळते. मला एका टर्बो गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये बसवलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. चढ लागला की तो अशी हवा भरतो की तिच्यातून ठिणगी पलीकडे न्यायला माझा कस लागतो. म्हणून माझी फट मुद्दाम लहान ठेवलेली होती.

गाडी एका नर्सबाईंची. त्यांचं हॉस्पिटल टेकडीवर, आणि पहाटेच्या पाळीला तिथे बस जात नसे. कितीतरी वर्षं मी त्यांना न कुरकुरता वर नेलं. पार्किंगमध्ये उतरल्यावर त्या बॉनेटवर थाप मारून "शाब्बास" म्हणायच्या. ते मला ऐकू यायचं, आणि बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण बाईंच्या घरात एक नवरोबा होते. जुन्या गाड्या उघडून उघडून त्यांचा स्वतःवर भारी विश्वास बसला होता. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी आम्हा चौघांना बाहेर काढलं, तारेच्या ब्रशने खसाखसा घासलं आणि स्क्रूड्रायव्हर घालून आमच्या फटी वाढवल्या. "फट मोठी, तर ठिणगी मोठी. आमच्या वेळी असंच करायचे," असं स्वतःशीच म्हणाले. माझ्यावर त्यांचा हात जरा जास्तच चालला. अहो, फट मोजायची पट्टी बाजारात मिळते, पण ती आणायची कोणी? अंगात शहाणपणा मावत नव्हता ना!

दुसऱ्या दिवसापासून चढावर माझी ठिणगी विझू लागली. गाडी आचके द्यायची, इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायचा. बाई दोनदा उशिरा पोचल्या. पुन्हा उशीर झाला तर नोकरी सोडा, असं मोठ्या सिस्टरांनी तोंडावर सांगितलं. बाईंनी घरी हे सांगितलं, तेव्हा नवरोबांनी गाडी घेऊन गल्लीत एक चक्कर मारली. सपाट रस्त्यावर टर्बो झोपलेला, त्यामुळे गाडी कशी लोण्यासारखी चालली.

"माझ्याकडे बरी चालते! तुला क्लच सोडता येत नाही, दुसरं काही नाही," ते म्हणाले, आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "आजपासून गाडी तू चालवायची नाहीस."

"मग मी कामावर जाऊ कशी?"

"नको जाऊस. घरात काय कमी आहे?"

मित्रांनो, त्या क्षणी मला त्या माणसाच्या हाताला असा चटका द्यावासा वाटला, की बस्स!

बाई भांडत बसल्या नाहीत. नवऱ्याला घेऊनच गाडी गॅरेजमध्ये आणली. मेकॅनिकने उभ्या गाडीचं इंजिन चालू केलं, कान दिला आणि म्हणाला, "टर्बो गेलाय, ताई. बदलावा लागेल." तपासलं काय? काही नाही! माझं डोकंच फिरलं.

"दादा, पेशंट पलंगावर पडलेला असताना दम लागत नाही," बाई म्हणाल्या. "त्याला जिना चढवा आणि मग नाडी बघा." मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, चला. चढावर तुम्हीच चालवा."

मेकॅनिक दोष दाखवणारं यंत्र मांडीवर घेऊन शेजारी बसला, बाई मागे. नवरोबा ऐटीत निघाले. अर्ध्या चढावर गाडीने असा आचका दिला की त्यांचं कपाळ स्टिअरिंगला लागलं.

"क्लच सावकाश सोडा हं," बाई मागून म्हणाल्या.

यंत्र सांगत होतं, तिसरा सिलिंडर. गॅरेजमध्ये येऊन मेकॅनिकने माझ्या डोक्यावरची, मला वीज देणारी कॉइल दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी बदलली. पुन्हा चढ, पुन्हा आचका, दोष तिसऱ्यातच. म्हणजे कॉइल ठीक होती. मग त्याने मलाच उचलून दुसऱ्यात बसवलं. परत चढावर नेलं, तर आता दोष दुसऱ्यात गेला. म्हणजे टर्बो बिचारा धडधाकट होता, रोगी मी होतो. मला बाहेर काढून त्याने फटीत मोजपट्टी घातली.

"अरे बापरे! हिच्यात बोट जाईल. कुणी केलं हे?"

नवरोबा भिंतीवरचं टायरचं चित्र निरखत होते. बाईंना सगळं कळलं.

"मी काळजीपोटीच केलं गं," ते शेवटी पुटपुटले. "तुझी गाडी नीट चालावी म्हणून."

"आणि किल्ली? तीही काळजीपोटीच?" बाईंनी हात पुढे केला. "द्या."

त्यांनी किल्ली दिली. मग रागाने मला उचललं आणि "बेकार माल!" म्हणत डब्यात भिरकावलं. म्हणजे शेवटी गुन्हेगार मीच!

चार नवे प्लग बसले. बाई एकट्याच गाडी घेऊन टेकडीकडे निघाल्या, नवरोबा रस्त्यात उभे राहिले. डब्यातून मला चढावरचा तो आवाज ऐकू आला. अखंड, भरलेला, एकही ठोका न चुकलेला. तिसऱ्या सिलिंडरमध्ये आता दुसरा कोणी होता, आणि मला त्याचा हेवा वाटला.

तेव्हा मित्रांनो, प्रेमाने हात लावा, रागाने लावा, मला फरक पडत नाही. पण हात लावण्याआधी मोजा. आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून वर त्याची किल्ली काढून घेऊ नका. बाई तर गेल्या टेकडीवर, आपल्या कामाला. मी मात्र इथेच आहे.