पालथा न घातलेला रांजण

अस्नाकूच्या अंगणात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं कुंपणावर चढली होती. बायका पाठीवरच्या तान्ह्यांसकट पुढं घुसत होत्या. आतल्या खोलीच्या दारात, छातीइतक्या उंच रांजणासमोर, अब्बा झेलेके डोळे मिटून उभा होता. ‘अब्बा’ ही पदवी त्याची त्यानंच लावून घेतलेली. कुठल्या चर्चनं त्याला दीक्षा दिली, हे वोइरांबा गावात कुणी विचारलं नव्हतं. गळ्यात इतके ताईत असलेल्या माणसाला असले प्रश्न विचारत नाहीत.

“आत कोण आहे?” त्यानं रांजणाला दरडावलं.

रांजण गप्प.

“बोलत नाहीस? थांब, तुझी सातवी पिढी बोलेल!”

झेलेकेनं कमरेची शिंगाची डबी काढली. जेरुसलेमच्या वाटेवर वीज पडून जळालेल्या झाडाची राख म्हणे तिच्यात होती. कुठल्याशा पुटपुटण्यासरशी त्यानं ओंजळभर राख रांजणात टाकली, आणि आतून सूंऽऽ असा आवाज उठला. फेस वर आला, काठावरून ओघळला, रांजणाच्या पोटावरून खाली जमिनीवर आला. पुढची रांग किंचाळत मागच्या रांगेच्या पायांवर चढली.

“बघा! कशी फुसफुसतेय बघा! ही बूदा आहे, बूदा! नुसत्या नजरेनं माणूस खाणारी!”

फेस बसल्यावर त्यानं पेला बुडवला आणि एका म्हाताऱ्याच्या हातात दिला. कालपर्यंत या रांजणातला तल्ला, म्हणजे आमची घरची जवाची बिअर, आंबट ढाण होती. ती तोंडात धरवत नव्हती. म्हाताऱ्यानं घोट घेतला आणि मिशी पुसली.

“आंबटपणा गेला की हो! पण जरा साबणासारखं लागतंय.”

“ती पवित्र चव आहे, आजोबा. तुम्हाला सवय नाही.”

मी अडमासू. गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तिथंच उभा होतो, आणि मला राहवलं नाही.

“अब्बा, भूत फेसातून निघतं हे कुठल्या पोथीत आहे?”

“मास्तर, मग तुम्हीच सांगा हे कसं उसळलं. तुमच्या पुस्तकात असेल ना?”

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी नुसताच वाकून रांजणात बघत राहिलो. लोक हसले, आणि झेलेके अस्नाकूकडे वळला.

अस्नाकू विधवा होऊन महिनाही झाला नव्हता. नवरा बेलाय तापानं गेला होता. चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावानं सगळ्या गावाला जेवण आणि तल्ला द्यायचा होता. आमच्याकडे त्या दिवशीचा तल्ला बिघडला, तर मेलेल्याची आठवण बिघडली असं लोक धरतात. प्रेताला आलेल्या गर्दीत जुना रांजण फुटला होता, म्हणून तिनं नवा मोठा रांजण घेतला. त्यात पहिल्यांदा घातलेला तल्ला आंबला. तिला वाटलं, पाणी वाईट. दुसऱ्यांदा वरच्या झऱ्याचं पाणी आणलं, गेशोचा कडू पाला जास्त घातला, जवाला नव्यानं मोड आणले, झाकण शेणमातीनं लिंपलं. झाकण काढलं तर वर पांढरी साय आणि वास नाकात झोंबणारा. कातरलेल्या केसांवर काळं फडकं बांधून ती त्या रांजणापाशी बसून रडली होती, हे शेजारणींनी पाहिलं होतं. झेलेकेला बोलावणं गेलं ते त्यानंतर.

“हा रांजण घडवला कुणी?” झेलेकेनं विचारलं.

“लाकेचनं,” अस्नाकू म्हणाली.

“कुंभारीण!” गर्दी एका सुरात पुटपुटली. आमच्या मुलखात कुंभारणीला बूदा ठरवायला फार पुरावा लागत नाही. तिची मडकी सगळ्यांच्या घरात चालतात, ती स्वतः मात्र कुणाच्या उंबऱ्याच्या आत आलेली चालत नाही.

“आणि रांजणाकडे टक लावून कोण बघत होतं? आठव, बाई. नवऱ्याची शपथ आहे तुला.”

अस्नाकूनं डोक्यावरचं काळं फडकं पुढं ओढलं. “लाकेचच. रांजण पोचवल्यावर दारात उभी राहिली. कितीतरी वेळ बघत होती.”

तेवढं पुरे होतं.

लाकेचची झोपडी खाली, मातीच्या खाणीपाशी. एकटीच राहायची. माणसं तिकडे निघाली तसा मीही धावलो. ती बाहेर बसून एका ओल्या मडक्याच्या काठावरून हात फिरवत होती. कुणी काही विचारलं नाही. वाळत ठेवलेली मडकी पहिल्यांदा फुटली. ती मध्ये पडली, “अरे, भाजायची आहेत अजून, थांबा!” म्हणत तिनं उजवा हात पुढे केला, आणि त्या हातावर काठी बसली. मी ओरडलो, दोघांना ढकललं, माझी शाल फाटली. माझं शौर्य एवढंच. गर्दीच्या मागं अस्नाकू उभी होती. लाकेचनं तिच्याकडे पाहिलं. अस्नाकूनं घाईघाईनं पदर तोंडावर ओढला, कारण नजर लागली असती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लाकेच गाव सोडून गेली. दक्षिणेचा मेंढा घेऊन झेलेके मात्र गावातच राहिला. त्याला आता घरोघरी आवतण होतं.

माझ्या डोक्यातून तो फेस जाईना. अस्नाकूच्या पहिल्या आंबलेल्या तल्ल्याचा एक तांब्या मी शाळेत आणून ठेवला होता. नुसता त्याच्याकडे बघत बसायचो. शेवटी वैतागलो आणि तो चुलीत ओतला. सूंऽऽ करून फेस आला. आधी वाटलं, विस्तवामुळे. पण चूल तर दोन दिवस पेटवलेली नव्हती! राख गार होती. मी हात घालून पाहिला.

मग मला दुसरं काही सुचेना. लिंबू पिळलं, राख टाकली: फेस. इंजेराच्या, म्हणजे आमच्या आंबवलेल्या भाकरीच्या, पिठावरचं आंबट पाणी घेतलं: फेस. साध्या पाण्यात टाकली: काही नाही. शेजाऱ्याकडच्या चांगल्या तल्ल्यात टाकली, तर राख मुकाट तळाला गेली. लाकडाच्या राखेत खार असतो. खार आणि आंबट भेटले की वायू सुटतो, तोच फेस. आणि खार आंबटपणा मारतो, म्हणून चव बदलते, जराशी साबणासारखी होते. साबण तरी आपल्या आज्या कशाचा करत होत्या? राखेचाच.

फेसाचं कळलं. पण तल्ला मुळात आंबला का? मी अस्नाकूकडे गेलो. ती अंगणात जव निवडत बसली होती, तिसऱ्या खेपेसाठी.

“अस्नाकूबाई, रांजण धुतला होता ना?”

“धुतला की. पाल्यानं घासला, दोनदा.”

“आणि धुरी?”

वेइराच्या, म्हणजे रानऑलिव्हच्या लाकडाच्या, निखाऱ्यांवर रांजण पालथा घालून आत धूर कोंडायचा, रांजण आतून काळा आणि कोरडा होईपर्यंत. आमच्याकडच्या पोरीसोरींनाही हे माहीत असतं. नव्या रांजणाला तर तीन-तीनदा, कारण नवी माती सगळं पिऊन धरते. धुरी नसेल, तर पहिल्या धुण्याचं पाणी मातीत मुरतं, तिथंच सडतं आणि तल्ल्याला आंबवतं.

ती सुपातले जव उगाच एकीकडून दुसरीकडे करत राहिली.

“दिली धुरी. वरून. निखारे मडक्यात घालून आत सोडले.”

“वरून? मग तळाला धूर कसा लागणार? पालथा का नाही घातला?”

“मास्तर, तो माझ्यानं उचलतो का?” तिनं सूप खाली ठेवलं. “बेलाय घालायचा पालथा. इतकी वर्षं तोच घालायचा. दार लावून.”

“दार लावून कशाला?”

“बाप्यानं तल्ल्याच्या रांजणाला हात लावला तर लोक काय म्हणतात ठाऊक नाही तुम्हाला? बायक्या म्हटलं असतं त्याला. तो म्हणायचा, ‘तुझी कंबर मोडण्यापेक्षा मी बायक्या बरा. पण कुणाला सांगू नकोस.’ आता कुणाला बोलावू? शेजारीण विचारेल, इतकी वर्षं कोण पालथा घालत होतं गं? मेलेल्या माणसाची लाज मी कशी उघड्यावर टाकू?”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती मात्र थांबली नाही. जे अडवून ठेवलं होतं ते आता तिला आवरेना.

“लाकेचला कळलं होतं. रांजण ठेवून ती दारात उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, हा नवा आहे. वरवरची धुरी चालायची नाही. तू एकटी आहेस. मी आत येऊन पालथा घालून देते, मला रोजची सवय आहे.’ मी म्हटलं, नको, लोक बघतील. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून बघतच राहिली. माझी कीव येत होती तिला, मास्तर. आणि मी सांगितलं, ती टक लावून बघत होती.”

बाजाराच्या दिवशी उंबराखाली झेलेकेचा दरबार भरला. मी एक इनॅमलची किटली घेऊन गेलो. शहरातल्या कारखान्यातली, निळ्या फुलांची.

“अब्बा, ही किटली बाधली आहे. जरा बघता का?”

लोकांसमोर नाही म्हणणं त्याला अवघड झालं. त्यानं राख टाकली. किटली तोंडातून आणि नळीतून फसाफसा फेसली. बायका ओरडल्या, “बूदा!”

“कुणाची बूदा?” मी विचारलं. “ही किटली यंत्रानं घडवलीय. कारखान्यात कुठली कुंभारीण आली? आत नुसतं लिंबाचं पाणी आहे.” मग मी एका म्हातारीला तिच्याच चुलीतली गार राख आणायला लावली. तिनं स्वतःच्या हातानं ती लिंबाच्या पाण्यात टाकली. पुन्हा फेस. दुसऱ्या पेल्यात चांगला तल्ला होता, त्यात झेलेकेची जेरुसलेमची राख टाकायला लावली. राख तळाला जाऊन बसली. झेलेके दोनदा मंत्र म्हणाला, तिसऱ्यांदा पेला हलवून पाहिला.

“आज वार बरोबर नाही,” तो म्हणाला.

“वार लिंबाला चालतो, तल्ल्याला चालत नाही?” म्हातारी म्हणाली, आणि हातातल्या राखेकडे बघत राहिली. “म्हणजे माझ्या चुलीतसुद्धा हेच आहे?”

कुणी हसलं नाही. त्या गर्दीत काठ्या घेऊन गेलेले बरेच जण होते. जो तो आपल्या पायांकडे बघत होता. झेलेके कधी निसटला, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी अस्नाकूनं सगळ्यांदेखत सांगितलं, “माझा नवरा रांजण पालथा घालायचा. दार लावून घालायचा, कारण त्याला तुमची भीती होती.” मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि अंगणात, उजेडात, दार उघडं ठेवून रांजण निखाऱ्यांवर पालथा घातला. घाम फुटला. दोघं-तिघं हसले, मग एकानं येऊन दुसरी बाजू धरली. चाळिसाव्या दिवशीचा तल्ला उत्तम उतरला. काळसर, कडवट, वेइराच्या वासाचा. बेलायच्या नावानं गाव पोटभर प्यालं. अस्नाकूनं पेला तोंडाला लावला नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधी आम्ही दोघं लाकेचला शोधत निघालो. ती मोठ्या रस्त्यावरच्या गावात सापडली, दुसऱ्यांसाठी सरपण वाहत होती. उजव्या हाताची बोटं वाकडी जुळली होती. अस्नाकू तिच्या पायांवर कोसळली.

“ऊठ, बाई. कपडे मळतील.” लाकेचनं डाव्या हातानं तिला उठवलं. “तल्ला झाला का नीट?”

“झाला. पालथा घातला.”

“मग? सांगितलं होतं की मी.”

“घरी चल. माझ्या घरात राहा. आत राहा, माझ्याजवळ.”

लाकेचनं तिच्या कपड्यांवरची धूळ झटकली. मग तिनं तो उजवा हात पुढे केला. मूठ वळेना.

“या बोटांनी माती वळत नाही आता. गावात येऊन काय करू? आणि मास्तर, तुम्ही राखेचं सांगितलंत, बरं केलंत. पण उद्या कुणाची गाय आटली तर? कुणाचं पोर तापलं तर? तेव्हा नव्यानं कोण सांगणार?” ती अस्नाकूकडे वळली. आवाजात राग नव्हता, तेच ऐकवेना. “आत ये, हे तेव्हा म्हणायला हवं होतंस गं. एकदाच. मी रांजण पालथा घालून निघून गेले असते.”

सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन ती रस्त्यानं चालायला लागली. आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होतो.

झेलेके मेलेला नाही. या ना त्या गावात तो आहेच. कधी त्याच्या डबीत राख असते, कधी दुसरं काही. तुमच्या गावात आला, तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्याच्यावरही ठेवू नका. एक लिंबू घ्या, आपल्या चुलीतली चिमूटभर गार राख घ्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. काही बिघडलं, तर कुणी बिघडवलं हे विचारू नका. कसं बिघडलं ते विचारा. पाणी बघा, भांडं बघा, धुरी बघा.

आणि कुणी दारात उभं राहून म्हणत असेल, तू एकटी आहेस, मी हात लावते, तर लोक बघतात म्हणून तिला बाहेर ठेवू नका. आत घ्या.