चेहरा अर्नॉल्डचा, नाव क्लिफचे

मित्रांनो, मी फुटबॉलचे एक जुने कार्ड आहे. तळहाताएवढे, एका कोपऱ्याला दुमडलेले. नीट हुंगलेत तर माझ्या अंगाला अजून गोडसर वास येईल, कारण मी बाहेरचे जग पाहिले ते च्युइंगमच्या पाकिटातून. ते गुलाबी च्युइंगम चघळता चघळता बेचव होई. पोरे पाकिटे घेत ती आमच्यासाठी.

माझ्यावर लाल-पांढरी जर्सी घातलेला एक तरुण हाताची घडी घालून उभा आहे. कान जरा मोठे, हसू लाजरे. खाली छापले आहे, क्लिफ हॅवर्थ, ब्रॅकनशॉ रोव्हर्स. क्लिफ म्हणजे ब्रॅकनशॉ या इंग्लंडमधल्या आमच्या गिरणगावाचा लाडका गोलवीर. पण तो तरुण क्लिफ नव्हताच. घोळ घातला छापणाऱ्यांनी आणि शिक्षा भोगली मी.

शाळेच्या मैदानात कार्डांची अदलाबदल चाले. एकाने आपला गठ्ठा भराभर दाखवायचा आणि दुसऱ्याने म्हणायचे, "आहे, आहे, आहे, नाही!" 'नाही' ऐकले की त्या कार्डाचे नशीब उघडे. माझी पाळी आली की सगळे खिदळत. परगावी मी खपलो असतो, पण ब्रॅकनशॉत क्लिफला शेंबडे पोरही ओळखत होते. पुढे खऱ्या क्लिफचे कार्ड निघाले आणि मला कुणी विचारीना. भिंतीवर कार्डे भिरकावण्याच्या खेळात मलाच पुढे करत, कारण हरलो तरी कुणाला दुःख नव्हते. माझा कोपरा तिथेच दुमडला. अखेर नॉर्मन सगडेन नावाच्या मुलाच्या बिस्किटांच्या डब्यात मी जाऊन पडलो, तो कित्येक वर्षे तिथेच राहिलो.

नॉर्मन मोठा झाला, जन्मभर गावची बस चालवून निवृत्त झाला, पण कार्डांचे वेड काही सुटले नाही. दरम्यान माझेही दिवस पालटले. चुकलेली कार्डे थोडीच उरली म्हणून संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकू लागले. मला प्लॅस्टिकचे पाकीट मिळाले. रविवारी चर्चच्या सभागृहात कार्डांचा बाजार भरे, तेव्हा नॉर्मनच्या टेबलावर मधली जागा माझी असे. नॉर्मनला एकेका खेळाडूची कुंडली पाठ होती. याचा गुडघा कसा गेला, त्याने पुढे तळलेल्या माशांचे दुकान कसे थाटले, सगळे तो शेजाऱ्याबद्दल बोलावे तसे सांगे. माझ्यापाशी आला की मात्र म्हणे, "हा कोण, देव जाणे." मला फार लागे ते. कौतुक होत होते, पण ते माझ्यावरच्या चुकीचे. माणसाचे नव्हे.

एका रविवारी मार्जोरी क्रॅबट्री नावाची म्हातारी काळा कोट घालून बाजारात आली. नॉर्मन तिला बसमधल्या ओळखीने जाणत होता. ती एकेक टेबल बघत आली आणि माझ्यासमोर थांबली. चष्मा काढून पुसला, परत घातला. नॉर्मन ऐटीत सांगू लागला, "चेहरा चुकीचा छापलाय, मिसेस क्रॅबट्री. म्हणून तर एवढा दुर्मीळ."

"चेहरा बरोबर आहे, नॉर्मन," ती म्हणाली. "नाव चुकलंय. हा माझा अर्नॉल्ड आहे, बाळा."

मग तिने सगळे सांगितले. अर्नॉल्ड म्हणजे तिचा नवरा, तरुणपणी रोव्हर्सचा राखीव खेळाडू. मुख्य संघातून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. फोटोच्या दिवशी क्लिफची दाढ सुजली होती, म्हणून फोटोग्राफरने उजेड बघायला अर्नॉल्डला उभे केले आणि नेमका तोच फोटो छापला गेला. पुढे अर्नॉल्ड गॅस कारखान्यात लागला. आपण कार्डावर आहोत म्हणून सांगे, तर कामगार क्लबातले दोस्त त्याला "हॅवर्थसाहेब" म्हणून चिडवत. पुराव्यासाठी त्याने च्युइंगमची पाकिटे आणून आणून फोडली. दर वेळी निघाला तो खरा क्लिफच. आता अर्नॉल्ड गेला होता. गुरुवारी दफन आणि नंतर क्लबात सगळ्यांचा चहा होता.

"त्याच्या दोस्तांनी एकदा बघावं, एवढंच," मार्जोरी म्हणाली. "लगेच परत आणून देईन."

नॉर्मनने मला कधी सख्ख्या भावाच्याही हाती दिले नव्हते. तिच्याही दिले नाही. म्हणाला, "मीच घेऊन येतो."

गुरुवारी क्लबात हॅमच्या सँडविचच्या थाळ्यांशेजारी अर्नॉल्डची टोपी ठेवली होती. तिला टेकवून नॉर्मनने मला उभे केले. म्हातारे दोस्त एकेक करून वाकून बघू लागले. चिडवण्यात सगळ्यांत पुढे असे तो फ्रेड ऑग्डन माझ्या अगदी जवळ तोंड आणून निरखू लागला.

"कान तर त्याचेच," तो शेवटी पुटपुटला. "आणि आपण जन्मभर त्याची टर उडवली."

"तोही हसायचा तुमच्याबरोबर," मार्जोरी म्हणाली. "घरी आल्यावर नाही हसायचा."

नॉर्मनने मला पाकिटातून बाहेर काढले, मार्जोरीपुढे ठेवले आणि खिशातले पेन तिच्या हातात दिले. संग्राहकांच्या जगात शाईचा ठिपका पडला तरी कार्ड बाद. ते ठाऊक असलेला फ्रेड म्हणाला, "अरे, वाटोळं होईल त्याचं."

"लिहा, मिसेस क्रॅबट्री," नॉर्मन म्हणाला.

लिहिताना तिचे एक अक्षर फिसकटले. पण छापील नावाखाली तिने पूर्ण नाव लिहिले, अर्नॉल्ड क्रॅबट्री. मित्रांनो, त्या शाईचा ओलावा अंगात मुरला तेव्हा मला किती बरे वाटले, काय सांगू. नॉर्मन मला तिथेच तिला देत होता. तिने घेतले नाही. घरी ठेवले तर मी एकटीच बघेन, तुझ्या टेबलावर चार माणसे विचारतील, असे म्हणाली.

तुमच्याही घरी जुने फोटो असतील. त्यांना वाळवीपासून जपाच, पण त्यातले चेहरे कुणाचे, हे सांगणारे माणूस समोर आहे तोवर त्याला विचारून घ्या. फोटोमागे नावे लिहून ठेवा. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

मी अजून दर रविवारी टेबलावर असतो. जाणकार येतात, हळहळतात, एवढे चांगले कार्ड कुणी खराब केले म्हणून विचारतात. नॉर्मन शेजारची खुर्ची पुढे ओढतो आणि थर्मासमधला चहा ओततो.

"खराब कुठं?" तो म्हणतो. "आत्ता कुठं बरोबर झालंय. बसा, अर्नॉल्डबद्दल सांगतो."