व्रण दिसायला नको

"व्रण केवढा राहील, डॉक्टर?" मालनने विचारलं.

कल्याणचे म्हातारे सर्जन शीलाचं पोट तपासत म्हणाले, "चार बोटं. अपेंडिक्स चांगलंच सुजलंय, बाई. आत्ताच काढू."

शीला गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होती. मानपाड्याच्या औषध कंपनीत ती पॅकिंगला होती आणि वैशाखात तिचं लग्न होतं. विधवा मालनने विठ्ठलवाडीत लोकांच्या पोळ्या लाटून ही एकुलती पोर वाढवलेली. असं स्थळ पुन्हा येणार नाही, हे ती जाणून होती.

नणंद विमलाबाईंनी तिला बाजूला ओढलं. "मालन, इथं नको. ठाण्याला नौपाड्यात दुर्बिणीने करतात आता. तीन बारीक भोकं, बस्स. सासरी कळणारपण नाही."

मालनने डॉक्टरांना विचारलं.

"दुर्बीण चांगलीच," ते म्हणाले. "जखम लहान, माणूस लवकर हिंडतं-फिरतं. माझ्याकडे ती नाही, मी चिरूनच काढतो. पण ठाण्याला जाईपर्यंत हे थांबेल, याची खात्री नाही."

"आई, इथंच करू दे ना. सहन होत नाही गं."

"थोडं सोस, बाळा. तुझ्याच भल्यासाठी."

टॅक्सी करून त्या नौपाड्यात पोचल्या, तर आत दुसऱ्याच पेशंटवर ऑपरेशन चाललेलं. बाकावर शीला ओकत राहिली, अंग तापत गेलं. मग एकाएकी ती शांत झाली.

"आता दुखत नाही, आई."

मालनने हात जोडले. "वन्सं, देव पावला!"

ते ऐकून नर्स डॉक्टरांकडे धावली. अपेंडिक्स फुटलं होतं.

तरुण डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिली. पोटभर पू पसरला होता. शेवटी बेंबीच्या वरपासून खालपर्यंत चिरावं लागलं. शीलाच्या पोटावर भोकंही पडली आणि चीरही.

ती घरी आल्यावर नवऱ्या मुलाची आई, चंद्रभागाबाई, भेटायला आल्या. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "अपेंडिक्सच होतं ना नक्की? त्याला एवढं पोट फाडतात होय? नाही म्हणजे, पुढे मूलबाळ..."

"डॉक्टरांना विचारा हवं तर," मालन काकुळतीला आली. "तुमच्या पाया पडते—"

"आई, गप बस." शीला उशीला टेकून बसली होती. "मावशी, घरी जाऊन सांगा, मुलगीच नाही म्हणाली. म्हणजे तुमच्यावर बोल नको."

चंद्रभागाबाईंनी नजर चोरली आणि चपला घातल्या.

शीला भिंतीला धरून उठली. वाकता येत नव्हतं तरी कपबशा गोळा करून मोरीकडे निघाली.

"ठेव गं, मी विसळते," मालन पुढे झाली.

"हात लावू नकोस." आवाज चढलेला नव्हता.

मोरीत पाणी पडत राहिलं. मालन दारात उभी होती. आजवर कधी रिकामे न राहिलेले हात कुठे ठेवावेत, ते तिला कळेना.