न झालेल्या भूकंपातला मयत

बदनापूरच्या स्टेशन रोडवर आबारावांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, टेम्पोच्या बॅटऱ्या तिथं चार्जिंगला यायच्या. आबाराव त्यांची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर भरायचे, आत नळी बुडवून बघायचे आणि वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं गिऱ्हाइकाला सांगायचे की आणखी एक उन्हाळा काढील. त्यांच्या सगळ्या पायजम्यांना अ‍ॅसिडची भोकं होती.

त्यांची सून शिवकन्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला हॅम रेडिओचा नाद होता. सरकारी परीक्षा देऊन तिनं लायसन काढलं होतं, आणि गच्चीवर एरियल लावून ती परराज्यातल्या अनोळखी माणसांशी तिकडच्या हवामानाबद्दल तासन्‌तास बोलत असे. आबारावांना तिचं कौतुक होतं, कारण तो रेडिओ त्यांच्या दुकानातल्या बॅटरीवर चालायचा.

२००७ च्या उन्हाळ्यात तिनं पुण्याच्या एका हॅम मित्राकडून लिथियमची बॅटरी करवून आणली. जुन्या लॅपटॉपमधले सेल जोडून त्यावर निळं प्लॅस्टिक चढवलेलं होतं. आकार विटेपेक्षा लहान. रेडिओ डोंगरावर न्यायचा तर शिशाची बॅटरी वाहायला माणूस लागतो आणि ही पिशवीत मावते, असं तिनं सासऱ्यांना समजावलं. आबारावांनी ती तळहातावर घेतली, वरखाली केली, कानाशी हलवून पाहिली. पाणी कुठून भरायचं, असं त्यांनी विचारलं. पाणी लागत नाही म्हटल्यावर त्यांनी तिचा वास घेतला. वासही नव्हता.

"बॅटरी उचलताना माणसाला कंबर आठवली पाह्यजे," ते म्हणाले. "ही तर साबणाची वडी हाय."

दुकानात ते येईल त्याला सांगत राहिले की आमच्या सूनबाईनं बिनपाण्याची बॅटरी आणली, आता बिनपाण्याचं वरण होईल.

त्याच महिन्यात तालुक्याच्या एका कचेरीनं भूकंपाचा सराव ठरवला. जागा निवडली खडकवाडी. सकाळी गावात मोठा भूकंप झाला असं धरायचं होतं. फोन बंद, रस्ता नाल्यापाशी खचलेला आणि वीज गेलेली, असंही धरायचं होतं. वीज खरोखरच गेली होती, पण ती रोजचीच. गावामागच्या टेकडीवर शिवकन्येनं रेडिओ घेऊन बसायचं आणि गावातली हालहवाल जालन्याच्या कंट्रोल रूमला कळवायची. तिथं एक मोठे साहेब बसणार होते. लोक घाबरू नयेत म्हणून साहेबांनी नियम केला होता की सरावाच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी 'हा सराव आहे' असं म्हणायचं. ज्या संदेशाला हे शेपूट नसेल तो खरा धरला जाईल, कारण सरावाच्या दिवशी खरंच काही घडलं तर तेही कळायला हवं.

आबाराव सुनेला जीपनं घेऊन आले. रस्ता खचलेला असल्यामुळं जीप नाल्याच्या अलीकडंच थांबवावी लागली. तिथून दोघं चालत गेले.

गावातली व्यवस्था रामराव नावाच्या निरीक्षकाकडं होती. तो सरळमार्गी, कामाला चोख माणूस होता. खडू घेऊन तो गल्लोगल्ली फिरला आणि पडलेल्या घरांच्या दारावर फुली मारत गेला. ट्रॅक्टर, मोटारसायकली, एवढंच काय पिठाची गिरणीसुद्धा, या सगळ्यांवर त्यानं 'गाडलं' असं लिहिलं. लोकांनी ते मनावर घेतलं. गोजरबाईच्या घरावर फुली होती आणि चुलीवर दूध होतं. तिनं आत जायची परवानगी मागितली, तेव्हा रामरावानं बराच विचार करून सांगितलं की आत जाता येणार नाही, पण खिडकी पडलेली धरली असल्यामुळं तिथून हात घालता येईल. तिनं तसंच दूध उतरवलं.

जखमींना पट्ट्या बांधून शाळेच्या मैदानात उन्हात झोपवायचं होतं. मयताला लिंबाखाली सावलीत पडायचं होतं. हे कळल्यावर गोजरबाईचा नवरा भुजंग मयत व्हायला तयार झाला. मयतानं बोलायचं नाही आणि बिडी ओढायची नाही, असं रामरावानं त्याला बजावलं. पहिली अट भुजंगानं मान्य केली.

टेकडीवर सगळं ठीक चाललं होतं. निळी बॅटरी दिवसभर पुरेल असा शिवकन्येचा हिशोब होता, कारण रेडिओ नुसता ऐकत असला तर फार थोडं खातो, बोलताना मात्र चिक्कार खातो. पण सरपंच टेकडी चढून आले. एवढ्या मोठ्या भूकंपाच्या प्रसंगी गावाच्या वतीनं आपण साहेबांचं स्वागत करणार, असं त्यांनी सांगितलं. तिनं बटण दाबून धरलं आणि सरपंच बोलत राहिले. खडकवाडीची पाणीटंचाई, शाळेची भिंत, आमदारांचे आभार. मागून रामराव पडलेल्या घरांची नावं घेऊन आला. तीही सगळी वाचून दाखवावी लागली.

मग मयताची बारी आली. शिवकन्येनं बटण दाबलं आणि सांगितलं, "मयत एक. भुजंग धुळाजी, राहणार खडकवाडी." तेवढ्यात रेडिओचा दिवा गेला. खरखर झाली नाही, आवाजही बारीक झाला नाही. शेपूट राहून गेलं.

आबाराव बाजूला दगडावर बसले होते. शिशाची बॅटरी मरताना आधी खोकते, ते म्हणाले, आवाज चिरका होतो, दिवा पिवळा पडतो, घरच्यांना तयारीला वेळ मिळतो. ही तर उभ्या उभ्या गेली.

शिवकन्येनं सांगितलं की बॅटरी मेलेली नाही. तिच्या पोटात एक राखणदार सर्किट असतं. सेल फार उतरले की ते सेल खराब होऊ नयेत म्हणून दार लावून घेतं. आत ती जिवंत आहे, बाहेरून वीज दिल्याशिवाय मात्र उठणार नाही.

"म्हंजी जिवंत हाय पण मयत धरायची," आबाराव म्हणाले. "मंग भुजंगात अन्‌ तिच्यात फरक काय?"

तिकडं जालन्यात बिनशेपटाचा संदेश पोचला होता. सरावातच एक माणूस खरोखर गेला म्हणून साहेब उठून उभे राहिले. कंट्रोल रूममध्ये दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. ती संपताच तिथला एक शिपाई, खडकवाडीचा जावई, सायकल काढून जुन्या जालन्यात गेला. भुजंगाची थोरली बहीण द्वारकाबाई तिथं धान्याच्या गल्लीत राहायची. तिला त्यानं बातमी दिली.

शिवकन्येनं लगेच मोबाइलवरून कंट्रोल रूमला फोन लावला. फोन घेणाऱ्यानं सभ्यपणे सांगितलं की खडकवाडीचे फोन सकाळपासून बंद आहेत. मीच तर खडकवाडीहून बोलतेय, असं ती म्हणाली.

"आवाज येतोय मॅडम," तो म्हणाला, "पण धरता येत नाही."

मग खाली जाऊन तिनं लिंबाखालून भुजंगाला उठवलं आणि फोन त्याच्या हातात दिला. आपण मेलो नाही, चहाची वाट बघून राह्यलो, असं त्यानं सांगितलं. पलीकडच्यानं वर विचारून घेतलं आणि कळवलं की मयताचं म्हणणं फोनवर घ्यायची सोय नाही. जे काही असेल ते रेडिओवरून यावं.

आता रेडिओला वीज हवी होती. गावात ट्रॅक्टर होते, त्यांत बॅटऱ्या होत्या, पण सगळ्यांवर 'गाडलं' लिहिलेलं होतं. शिवकन्येनं रामरावाला एकच ट्रॅक्टर उकरून द्यायला सांगितलं. त्याला मनापासून वाईट वाटलं. खडू पुसायचा तर जालन्याची मंजुरी पाहिजे, आणि मंजुरी रेडिओवरूनच येणार, असं तो म्हणाला.

आबाराव खाकरले. जीपमध्ये मागं पोत्याखाली एक बॅटरी आहे, ते जमिनीकडं बघत म्हणाले. ट्रॅक्टरची, कालच फुल चार्ज केलेली. तुला पाह्यजे म्हणून न्हाई, अशीच टाकून आणली.

रामराव खुश झाला. जीप भूकंपाच्या हद्दीबाहेर होती, तेव्हा तिच्यातली बॅटरी ही बाहेरून आलेली मदत ठरत होती. फक्त नाल्यापासून वर ती माणसांनीच आणायला हवी, आणि त्यासाठी सरावाचं स्ट्रेचर होतं. उचलायला माणसं कमी पडत होती, कारण गावातले धडधाकट लोक जखमी होते. तीन जण मिळाले. चौथा भुजंग पुढं आला. मयताला खांदा देता येईल का, यावर रामराव अडला. देता येत नाही असं कुठं सांगितलंय का, असं आबारावांनी विचारलं. तसं कुठं सांगितलेलं नव्हतं.

बॅटरी स्ट्रेचरवर ठेवून दोरीनं बांधली. एवढ्या उन्हात ती तापू नये म्हणून आबारावांनी तिच्यावर पांढरी चादर घातली आणि डिस्टिल्ड वॉटरचा डबा हातात घेऊन ते पुढं चालू लागले. चौघांनी स्ट्रेचर खांद्यावर घेतलं. मागून रामराव आणि शिवकन्या मान खाली घालून निघाले, कारण वाट खडकाळ होती.

नाल्यापासून थोडं पुढं आले असतील, तेवढ्यात मागून टेम्पो आला. त्यातून द्वारकाबाई आणि धान्याच्या गल्लीतली आठ-दहा माणसं उतरली. तिनं पांढरी चादर पाहिली, पुढं डबा धरून चालणारा म्हातारा पाहिला. हंबरडा फोडत ती धावली आणि हात उंच करून चादरीला बिलगली. भाऊ केवढा होता आणि केवढा राहिला, असं म्हणत ती कवटाळू लागली. किती आखडला, किती टणक झाला, असंही म्हणाली. अ‍ॅसिड सांडेल म्हणून आबाराव तिला आवरू लागले. त्यांनाही दुःख अनावर झालंय असं बाकीच्यांना वाटलं, आणि दोघांनी त्यांनाही धरलं.

पुढच्या उजव्या खांद्यावरून आवाज आला. "आक्का, बाजूला हो जरा. खांदा भरून आला माझा."

"तू गप रे भुज्या," द्वारकाबाई रडता रडता म्हणाली. "माझा भाऊ गेला इथं."

मग ती थांबली. मान वळवून बघितलं. बराच वेळ ती एकदा चादरीकडं आणि एकदा भुजंगाकडं बघत राहिली. भुजंगानं चादरीचं टोक वर करून आत काय आहे ते दाखवलं. तिनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पदर तोंडाला लावून पुन्हा रडायला बसली. टेम्पोतली माणसं काय करावं म्हणून चुळबुळत होती. एवढ्या लांब आलोच आहोत तर वरपर्यंत जाऊ, असं ठरलं आणि सगळी मयत टेकडी चढली.

वर आबारावांनी वायरी जोडल्या. दिवा लागला. शिवकन्येनं बटणावर बोट ठेवलं, आणि तिथंच ती अडली. शेवटी 'हा सराव आहे' म्हणावं तर भुजंग सरावापुरताच जिवंत ठरेल. न म्हणावं तर नियम मोडेल का, हे रामरावालाही सांगता येईना.

आबाराव हळूच म्हणाले, "पोरी, माणूस खराच जिवंत हाय. हे सरावात नको घालू."

तिनं संदेश दिला आणि शेपूट लावलं नाही. जालन्याकडून बराच वेळ नुसती खरखर आली. मग साहेब स्वतः बोलले. एकदा धरलेला मयत कमी करता येत नाही, पण ढिगाऱ्याखालून एक इसम जिवंत काढला असं वाढवता येईल, ते म्हणाले. त्यांच्यामागं टाळ्यांचा आवाज आला. सुटका केलेल्या इसमाला विनाविलंब दवाखान्यात हलवावं, असा हुकूम त्यांनी लगोलग दिला.

म्हणून बॅटरी उतरवून स्ट्रेचरवर भुजंगाला घातलं. त्यानं नको म्हणून पाहिलं, पण रामरावानं त्याला समजावलं की आता तो जिवंत आहे, आता त्याला ऐकावं लागेल. ऊन लागू नये म्हणून चादरही घातली. द्वारकाबाई शेजारून चालली. ती अधूनमधून रडत होती. कशाला रडतेस असं कुणी विचारलं तर म्हणायची की आलेलं रडू कुठं ठेवू. बदनापूरच्या दवाखान्यात भुजंगाला एक सलाइन लावली. त्यानंतर त्याला बरं वाटलं, असं तो अजूनही सांगतो.

सगळे गेल्यावर शिवकन्येनं शिशाच्या बॅटरीच्या वायरी निळ्या बॅटरीला क्षणभर टेकवल्या. तिच्यावरचा बारका हिरवा दिवा लागला. आबाराव वाकून बघत होते. कुठून धक्का दिला, किती दिला, सारखा दिला तर चालतो का, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. मोठी बॅटरी खाली न्यायला आता कोणी नव्हतं. त्यांनी तिची एक कडी धरली, सुनेनं दुसरी. वाटेत ती तीनदा खाली ठेवावी लागली. दुसऱ्या वेळी आबारावांनी कंबरेवर हात ठेवला आणि निळी कितीला पडली असं विचारलं.

गोष्ट एवढ्यावर मिटली नाही. बातमी ऐकताच भुजंगाच्या नावानं जालन्यात द्वारकाबाईनं सुतकाची अंघोळ केली होती. ज्याच्या नावानं अंघोळ झाली त्याला तसंच ठेवलं तर घराला बरं नाही, तो नव्यानं जन्मला पाहिजे, असं तिचं म्हणणं पडलं. तिनं खडकवाडीत येऊन भावाचं बारसं घातलं. पाळणा उसना आणला. भुजंग त्यात मावेना, म्हणून पाळण्यात त्याचा फेटा ठेवला आणि तो शेजारी दोरी धरून बसला. बायांनी पाळणा म्हटला. शिवकन्येला आणि आबारावांना मानानं बोलावणं होतं.

नाव काय ठेवायचं असं विचारल्यावर भुजंग म्हणाला की संधी आलीच आहे तर रमेश ठेवा, लहानपणापासून मनात होतं. गोजरबाईनं ठाम सांगितलं की या वयात ती रमेशची बायको होणार नाही. बायांमध्ये थोडी बोलाचाली झाली. शेवटी द्वारकाबाईनं त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते भुजंगानं कोणाला कळू दिलं नाही, नुसता लाजला. घुगऱ्या मात्र चांगल्या शिजल्या होत्या. आबारावांनी दोनदा घेतल्या.