दीडशे ग्रॅम सॅमन

"दीडशे ग्रॅम. म्हणजे तीनशे बारा उष्मांक," ती म्हणाली आणि काट्यावरचा गुलाबी तुकडा उचलून ताटलीत ठेवला.

"कातडी काढलीस तर तेवढे नाही भरायचे," दाराशी खुर्चीत बसलेला नवरा म्हणाला. आवाज खरखरीत, शेवटाला विरणारा.

"मग नाही काढत."

टपाल कार्यालयाच्या पार्सल खिडकीवर तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. तोलण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. गेले तीन आठवडे मात्र रजा घेऊन ती घरी नवऱ्याचं जेवण तोलत होती. त्याच्या घशातली गाठ काढायची होती, पण सत्तेचाळीस किलोच्या माणसाला टेबलावर घ्यायला डॉक्टर तयार नव्हते. "पन्नास करून आणा, मग तारीख देतो," ते म्हणाले होते. गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार, हे त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं होतं.

सॅमन सुचवला तो रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ मुलीने. "काकू, काका चार घासांच्या वर जेवत नाहीत ना? मग त्या चार घासांतच सगळं बसवायचं. हा मासा तेलकट असतो, शंभर ग्रॅममागे दोनशे आठ उष्मांक. पण तळलेला नको आणि तिखट नको. घशाला झोंबेल."

"पोच करायचा. म्हणजे पाण्यातच शिजवायचा," तो म्हणाला होता.

"पोच?" तिने विचारलं. "आमच्या खिडकीवर पावतीला पोच म्हणतात."

तिघंही हसली होती. हसता हसता त्याला ठसका लागला आणि मुलीने पाण्याचा पेला पुढे केला.

त्याला हे सगळं ठाऊक असणारच. एकतीस वर्षं तो मालवाहू जहाजावर आचारी होता. दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरी आला की म्हणायचा, "सुट्टीत मला पातेलं दाखवू नकोस." त्यामुळे त्याच्या हातचं कसं लागतं ते बावीस खलाशांना माहीत होतं, तिला नव्हतं. तिच्या वाट्याला यायचा तो टेलिफोन. कुठल्याशा बंदरातून, महिन्या-दीड महिन्याने. तिचं बोलणं तिकडे उशिरा पोचायचं, मग दोघं एकदम बोलायची, मग दोघं एकदम गप्प व्हायची, आणि तेवढ्यात वेळ संपायची. तो निवृत्त झाला तेव्हा तिला वाटलं, आता बसून निवांत बोलू. वर्ष-दीड वर्ष बोललीही. मग आवाज बसला, तो बसलाच.

पहिल्या दिवशी तिने मासा खळखळून उकळला. पांढरट फेस वर आला आणि तुकडा वातड झाला.

"धुणं उकळतेयस का?" तो म्हणाला.

आज त्याने खुर्ची ओट्याजवळ ओढून घेतली. "पसरट भांडं घे. पाण्यात कांद्याची चकती, गाजर, एक तमालपत्र, चार मिरीदाणे टाक. ते पाणी आधी दहा मिनिटं उकळू दे. मग आच अगदी बारीक कर आणि लिंबू पिळ."

"आता टाकू मासा?"

"थांब. बुडबुडे मरू देत. पाण्याला नुसता कंप हवा." त्याने हात पुढे करून बोटं किंचित थरथरवली. "आता सोड. कातडी खाली. झाकण ठेव, आणि आठ मिनिटं हात लावू नकोस."

आठ मिनिटांनी मासा फिकट गुलाबी झाला होता. चमचा लावताच पाकळी सुटली. सवयीने तिने तो पुन्हा तोलला आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, एकशे पंचवीसच भरतोय! पंचवीस गेले!"

"पाणी गेलं गं. उष्मांक कुठे पळतायत? थोडं तेल उतरलं असेल रसात. तो गाळून दे, पितो मी."

त्या दिवशी त्याने अर्धा खाल्ला. पुढच्या आठवड्यात दोन दिवस सगळा खाल्ला. त्याच्या वजनाचा काटा पुढे सरकू लागला, तसं तिच्या लक्षात आलं की आपण भरवतोय त्या प्रत्येक घासाबरोबर त्याचा आवाज जायचा दिवस जवळ येतोय. एकदा तिचा हात थांबलाही. पण तिने कधी चमचाभरसुद्धा कमी वाढलं नाही.

वजनाच्या आदल्या संध्याकाळी तिने भांडं चढवलं आणि विचारलं, "आच कधी बारीक करायची?"

"अगं, तुला येतंय आता. पाच वेळा सांगितलंय मी."

"परत सांगा ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग सांगितलं, पहिल्यापासून. कांद्याची चकती, गाजर, मिरी. ते संपलं तेव्हा तिने विचारलं, मासा मोठा असला तर? तेही सांगितलं. बावीस जणांसाठी करायचा असला तर? मग वादळात भांडी कशी बांधून ठेवायची, एका कप्तानाला मासा कच्चाच कसा वाटायचा, सगळं. पाणी आटून गेलं, तिने पुन्हा घातलं. घसा दुखत होता त्याचा, तिला दिसत होतं. तरी ती थांबा म्हणाली नाही, आणि तोही थांबला नाही.

सकाळी वजन भरलं पन्नास किलो दोनशे. नर्स म्हणाली, "वा काका!" तिनेही मान हलवली.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. गाठ पुरती निघाली. गळ्यात श्वासाचं छिद्र राहिलं आणि त्यावर बांधायला मऊ रुमाल आला. वास येणंही जवळजवळ बंद झालं. दोन महिन्यांनी तो जेवू लागला आणि ती पुन्हा खिडकीवर जाऊ लागली.

एका दुपारी ती लवकर घरी आली, तर ओट्यापाशी तो उभा होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खांद्यावर पंचा. वास कळत नव्हता म्हणून तो वाकून रंगावर नजर ठेवून होता. त्याने हाताने तिला टेबलाकडे बसायची खूण केली.

पुढ्यात ताटली आली. पाकळ्या न मोडलेला सबंध तुकडा, वर रसाचे दोन चमचे, कडेला लिंबाची फोड. हा किती ग्रॅमचा, हे तिने विचारलं नाही.

तो शेजारी बसला नाही. दोन पावलं मागे सरला आणि हात पाठीशी बांधून ताठ उभा राहिला. त्याला कामावर असं तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने पहिला घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्या घासाला त्याने खांद्यावरचा पंचा काढला, घडी घातली आणि मग खुर्ची ओढली.