पलीकडची ठकठक

शेषेरावांना संशय घ्यायला फार भांडवल लागत नसे, आणि इथं तर कानांनी ऐकलेला पुरावा होता. लेक सुकन्या आतल्या खोलीत अभ्यासाला बसली, की भिंतीतून आवाज येई. ठक. जरा दम. मग ठक-ठक.

भिंत सामाईक होती. पलीकडे बानो राहायची, दिवसभर शिलाई मशीनवर. तिची अर्शी सुकन्याच्याच क्लासात होती आणि मागच्या चाचणीत चार मार्कांनी पुढे गेली होती. शेषेरावांना एवढं पुरेसं होतं. आपल्या पोरीचं लक्ष उडवायचा हा डाव आहे, दुसरं काय!

गावची शेती बटईनं देऊन ते लेकीच्या बारावीसाठी लातुरात भाड्यानं राहिले होते. पंधरा वर्षांपूर्वी भूकंपात बायको गेली. तीन वर्षांची सुकन्या दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होती. ही एकदा डॉक्टर झाली की आपण सुटलो, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. म्हणून क्लासवरून आली की ते तिला खोलीत बसवत आणि बाहेरून कडी लावत. गल्लीतले आणखीही बाप लावायचे, त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

"दार उघडं ऱ्हाऊ द्या ना, अण्णा. भ्या वाटतंय," ती सुरुवातीला म्हणाली होती.

"स्लॅबचं घर हाय, काय व्हायलंय? अभ्यास टाळायचे बहाणे हायेत सगळे."

ती आत गेली आणि त्यांनी कडी लावली.

एकदा त्यांनी बानोला अंगणात गाठलंच. "भाभी, दिवसभर काय ठोकायलात?"

बानो गडबडली. "मशीन पुरानी हाय, भाऊ. वाजती," म्हणाली आणि खाली बघत घरात गेली. मशीन अशी थांबून थांबून वाजते होय? चोर सापडला, असं म्हणत शेषेरावांनी सुताराला बोलावलं.

उदगीरकडच्या मडिवाळप्पानं भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, मधे काथ्या दाबून भरला आणि वरून प्लाय मारला. "यजमान, आता तिकडं हलगी वाजली तरी हिकडं कळायचं न्हाई," तो म्हणाला.

"अण्णा, नको ना हे. मला कसलाच तरास न्हाई," सुकन्या दोनदा म्हणाली.

"तू लई साधी हायस, बाई. तुला दुनिया कळंना."

दुसऱ्या दिवशी खोलीला कडी लावून शेषेराव ओसरीवर बसले. भिंतीतून हूं नाही की चूं नाही. पोरगी कशी गपगुमान वाचत असेल, या विचारानं त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी दुसऱ्यांदा चहा मांडला.

तेवढ्यात बानो आली, गळ्यातली टेप तशीच. "भाऊ, सुकन्या बरी हाय ना? कवापासून ठोकून राहिले, उधरनं जवाबच न्हाई."

"म्हणजे तुम्हीच ठोकत होतात!" शेषेराव जिंकल्यासारखे उठले.

"पहिले तीच ठोकती, भाऊ. तुम्ही कडी लावली की तिला भ्या वाटतंय. मग मी दोनदा ठोकते, मी हाय म्हणून. तवा कुठं ती पुस्तक उघडती. अण्णाला सांगू नका म्हणून कसम घातली होती तिनं, म्हणून खोटं बोलले."

ज्या पोरीसाठी एवढं केलं तिलाच आपण पुन्हा गाडलं, हे शेषेरावांना कळून चुकलं. ते दाराकडे धावले, पण घाईत कडी निघेना. शेवटी बानोनं काढली आणि ती त्यांच्या मागं सरकली.

सुकन्या प्लायला कान लावून बसली होती. पुस्तक मिटलेलं, बोटांची पेरं सोललेली. तिनं बापाकडे पाहिलं, पण मागं उभी असलेली बानो तिला दिसली नाही.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "बानोखाला घर सोडून गेल्या का?"