इनडिफॅटिगेबल देवदत्तराव

मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवात क्षमाताईंनी उखाणा घेतला, तेव्हा त्यांच्या विहीणबाई म्हणाल्या, "हाउ क्वेंट!" विहीणबाई म्हणजे पद्मजाताई, अंधेरीच्या इंग्रजी शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. क्षमाताई गोड हसल्या. पाहुणे गेल्यावर अर्थ शोधला: जुनाट, पण गोंडस. म्हणजे माळ्यावरच्या पाटाला जे म्हणावं, ते.

त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, पुढच्या संक्रांतीला या बाईसमोर मान ताठ ठेवायची आणि त्यासाठी रोज एक नवा इंग्रजी शब्द शिकायचा.

शब्द लोणच्यासारखा असतो, मुरल्याशिवाय चव नाही, असं त्यांचं मत. म्हणून रोजचा नवा शब्द त्या दिवसभर माणसांवर वापरत. काटेकोर दूधवाला 'पंक्टिलियस' झाला. भाजीवाल्याची महागडी मेथी 'एक्झॉर्बिटंट' ठरली. हा मेथीचा गौरव समजून त्याने भाव आणखी वाढवला. मुकाट जेवणाऱ्या देवदत्तरावांना बायकोने 'टॅसिटर्न' म्हटलं, तेव्हा त्यांनी बीपी तपासून घेतलं. बिल्डिंगमधल्या बायका तर लिफ्टपाशीच सापडायच्या. मुलुंडमधली ही सर्वांत सावकाश लिफ्ट. ती येईपर्यंत शब्द, अर्थ आणि उदाहरण, तिन्ही उरकून होई.

यंदाची संक्रांत आली. हॉल भरला. पद्मजाताई सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या. नावाचा आग्रह झाला आणि क्षमाताईंनी पदर सावरला.

"तिळगुळाच्या वाट्यांनी भरून गेलं टेबल,
देवदत्तराव माझे इनडिफॅटिगेबल."

इनडिफॅटिगेबल गृहस्थ त्या वेळी आतल्या खोलीत घोरत होते. बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

पद्मजाताईंनी चष्मा खाली घेतला. "शब्द छान पाठ केलात हो. अर्थही माहीत असेलच?"

क्षमाताईंनी तोंड उघडायच्या आत पहिल्या मजल्यावरच्या भाविकाबेन म्हणाल्या, "न थकणारा. आपली लिफ्ट आहे ना, तिच्या बरोब्बर उलटा."

"स्पेलिंग सांगू का?" इरावतीआजींनी विचारलं. हो-नाहीची वाट न बघता त्यांनी सांगूनही टाकलं. दारातल्या दोघींनी आणखी एकेक उदाहरण दिलं.

क्षमाताई बघत राहिल्या. आपण एकट्याच शिकतोय असं त्या वर्षभर समजत होत्या आणि इथे अख्खी बिल्डिंग शिकून बसली होती. विहीणबाईंसाठी एक बोचरा शब्द त्यांनी खास राखून ठेवला होता. तो त्यांनी गिळला, वर तिळगूळ खाल्ला.

पद्मजाताईंना मनापासून हसू फुटलं. "क्षमाताई, यू आर इनकॉरिजिबल."

हा शब्द लिफ्टपाशी झाला नव्हता. सगळ्या क्षमाताईंकडे बघू लागल्या. मागच्या वर्षी त्या अशा वेळी नुसत्या हसल्या होत्या. या वर्षी त्यांनी मान ताठ ठेवून सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे काय हो, विहीणबाई?"

"कधीही न सुधारणारी."

"मग बरोबर आहे," क्षमाताई म्हणाल्या आणि त्यांना वाण म्हणून सगळ्यांत मोठा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो शब्द देवदत्तरावांवर वापरून पाहिला. बेतून शिवल्यासारखा बसला.